जॉन हेन्री पॅटरसन

जॉन हेन्री पॅटरसन (१३ डिसेंबर, १८४४ - ७ मे, १९२२) हे अमेरिकेच्या ओहायो राज्यातील डेटन येथील उद्योगपती आणि नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीचे (एनसीआर) संस्थापक होते. दुकानाच्या गल्ल्यावर बसणारे कॅश रजिस्टर हे यंत्र त्यांच्या शोधाचे फळ नव्हे. ते यंत्र विकण्याची पद्धत मात्र त्यांनी घडवली, आणि विक्री ही शिकवता येणारी विद्या आहे असे मानून तिच्यासाठी पाठ्यपुस्तक व शाळा निर्माण केली. आधुनिक विक्री-प्रशिक्षणाचा आरंभ बहुतेक इतिहासकार त्यांच्यापासून धरतात. त्याच शिक्षणाने त्यांना एकदा तुरुंगाच्या दारापर्यंतही नेले.

पूर्वायुष्य

पॅटरसन यांचा जन्म डेटनजवळील कुटुंबाच्या शेतावर झाला. यादवी युद्धात अल्पकाळ सैनिकी सेवा केल्यानंतर १८६७ मध्ये ते डार्टमथ महाविद्यालयातून पदवीधर झाले. महाविद्यालयीन शिक्षणाचा व्यवसायात फारसा उपयोग नाही, असे त्यांचे पुढे ठाम मत बनले. पदवीनंतर त्यांना मिळालेले काम मायामी-ईरी कालव्यावर जकात गोळा करण्याचे होते. ते सांभाळतच त्यांनी कोळसा विकण्यास सुरुवात केली आणि भावांबरोबर त्या धंद्याचा विस्तार केला.

कोळशाच्या खाणीजवळ त्यांचे एक दुकानही होते. गिऱ्हाईक भरपूर असूनही वर्षाअखेरीस हाती तोटाच येई, कारण गल्ल्यातील पैसा मधल्यामध्ये झिरपत होता. डेटनमध्ये विक्रीची नोंद ठेवणारे यंत्र तयार होते असे कळताच त्यांनी अशी काही यंत्रे मागवली, आणि थोड्याच महिन्यांत दुकान नफ्यात आले. डेटनमधील मद्यगृहचालक जेम्स रिटी यांनी १८७९ मध्ये या यंत्राचे एकस्व मिळवले होते. नोकरांच्या चोरीला तेही असेच कंटाळले होते.

कंपनीची खरेदी

१८८४ मध्ये पॅटरसन यांनी ही यंत्रे बनवणारी छोटी कंपनी ६,५०० डॉलरना विकत घेतली. गावात त्यांची थट्टा झाली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी २,००० डॉलर नुकसानभरपाई देऊन व्यवहार मोडण्याचा प्रयत्न केला. परंतु विकणाऱ्याने तो नाकारला. तेव्हा त्यांनी कंपनीला नॅशनल कॅश रजिस्टर हे नाव देऊन कामाला सुरुवात केली.

अडचण यंत्राच्या रचनेत नव्हती. ते कोणालाच नको होते. मालकांना ते अनावश्यक वाटे, आणि दुकानातील नोकर व मद्यगृहातील वाढपी त्याला आपल्या प्रामाणिकपणावरचा आरोप समजत. कंपनीचे नाव छापलेली पाकिटे मालकाच्या हाती पडण्यापूर्वीच नोकर नाहीशी करीत. म्हणून पॅटरसन साध्या, निनावी पाकिटांतून माहितीपत्रके पाठवू लागले. असे यंत्र केवळ गोड बोलण्याने खपणार नव्हते. मालकाला त्याचाच धंदा नव्याने समजावून सांगावा लागे, आणि त्यासाठी आधी विक्रेत्याला तो धंदा कळायला हवा होता.

'प्रायमर'

त्या काळी विक्रेता जन्मावा लागतो, घडवता येत नाही, असा सर्वसाधारण समज होता. पॅटरसन यांचे मेहुणे जोसेफ क्रेन हे कंपनीचे सर्वांत यशस्वी विक्रेते होते. त्यांना विचारणा केल्यावर आढळले की ते प्रत्येक गिऱ्हाइकापुढे जवळजवळ तेच शब्द, त्याच क्रमाने आणि त्याच हावभावांनी बोलतात. पॅटरसन यांनी ते सारे बोलणे लिहून काढविले आणि १८८७ मध्ये छापले. 'प्रायमर' या नावाने ओळखली गेलेली ती पुस्तिका जेमतेम साडेचारशे शब्दांची होती.

प्रत्येक विक्री प्रतिनिधीने ती तोंडपाठ करावी, असा हुकूम निघाला. अनुभवी विक्रेत्यांना तो अपमान वाटला. शाळकरी पोरासारखी घोकंपट्टी त्यांना मान्य नव्हती, आणि काहींनी नोकरी सोडली. मात्र पाठ केलेल्यांची विक्री वाढू लागली, तसा विरोध मावळला. पुस्तिकेत विक्रीचे टप्पे पाडलेले होते: गिऱ्हाइकाशी परिचय, त्याच्या धंद्याची चौकशी, यंत्राचे प्रात्यक्षिक आणि अखेरीस मागणी नोंदवून घेणे. पहिल्या भेटीत यंत्राचे नावही न काढता दुकानदाराच्या अडचणी ऐकाव्यात, आणि प्रात्यक्षिक दुकानात न करता हॉटेलमध्ये यासाठी घेतलेल्या खोलीत करावे, म्हणजे नोकरांचा अडथळा येत नाही, असा त्यात सल्ला होता.

एकदा छापलेला पाठ पॅटरसन यांनी अखेरचा मानला नाही, आणि ही पद्धत टिकली ती त्यामुळेच. विक्रेत्यांना रोज भेटणारे आक्षेप व त्यांवर चाललेली उत्तरे गोळा करून वेगळे पुस्तक तयार झाले. ते पुन्हा पुन्हा सुधारले गेले. बाजारात कामी आलेला नवा मुद्दा मुख्यालयात पोहोचे, तेथे तपासला जाई आणि सर्वांच्या पाठात शिरे.

विक्रीची शाळा

१८९३-९४ च्या सुमारास डेटनमध्ये कंपनीची विक्री प्रशिक्षण शाळा सुरू झाली. या प्रकारची ती जगातील पहिली शाळा मानली जाते. तेथे किराणा दुकान, औषधाचे दुकान अशी नकली दुकाने उभारून एकाने मालक व दुसऱ्याने विक्रेता व्हायचे, आणि इतरांनी चुका काढायच्या, अशी रीत होती. जुन्या प्रतिनिधींनाही शिकण्यासाठी परत यावे लागे. प्रत्येकाचा मुलूख ठरलेला असे, त्यात दुसऱ्याने विक्री केली तरी दलाली मूळ प्रतिनिधीलाच मिळे, आणि ठरावीक काळात गाठायचे लक्ष्यही नेमून दिलेले असे.

कानापेक्षा डोळ्यांनी माणूस लवकर शिकतो, या विश्वासापायी पॅटरसन सभांत फळे, तक्ते आणि चित्रे वापरीत. मोठ्या कागदांचा उलटता तक्ता वापरल्याचे सर्वांत जुने ज्ञात छायाचित्र त्यांच्याच कंपनीतील, १९१२ चे आहे.

कारखाना

१८९४ मध्ये इंग्लंडला पाठवलेला सुमारे ५०,००० डॉलरचा माल सदोष म्हणून परत आला. पॅटरसन यांनी आपले मेज थेट कारखान्यात हलवले. तेथील अंधार, अस्वच्छता आणि कामगारांची उदासीनता त्यांना प्रथमच जवळून दिसली. पुढे मोठ्या काचांच्या उजेडी इमारती, गरम जेवण, वाचनालय, वर्ग व व्याख्याने आली. कामगारांकडून लेखी सूचना मागवून चांगल्या सूचनेला बक्षीस देण्याची प्रथाही सुरू झाली. ह्यात परोपकार किती आणि हिशेब किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. या सुधारणांनी धंद्याचा लाभ होतो, हे स्वतः पॅटरसन यांनी कधी लपवले नाही.

व्यवस्थापकांशी त्यांचे वागणे मात्र लहरी होते. क्षुल्लक कारणावरून त्यांनी कित्येकांना काढले, आणि एका अधिकाऱ्याला बडतर्फीची बातमी त्याचे मेज अंगणात जळताना पाहून कळली, अशी कथा सांगितली जाते. काहीशी अतिरंजित असली तरी ती खरी मानणारे सहकारी पुष्कळ होते, हे पुरेसे बोलके आहे.

खटला आणि महापूर

प्रतिस्पर्ध्यांना बाजारातून हुसकावणे हाही कंपनीत शिकवला जाणारा विषय होता. दुसऱ्या कंपन्यांच्या यंत्रांतील दोष उघडे पाडणे, त्यांचे गिऱ्हाईक फोडणे, यांसाठी स्वतंत्र विभाग होता. जुन्या यंत्रांचा व्यापार मोडून काढण्यासाठी थॉमस वॉटसन या तरुण अधिकाऱ्याला कंपनीच्या पैशावर, पण कंपनीचे नाव न लावता, दुकाने थाटण्यास पाठवले गेले. देशातील कॅश रजिस्टरचा नव्वद टक्क्यांहून अधिक बाजार अखेर एनसीआरकडे आला. १९१२ मध्ये सरकारने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली खटला भरला. फेब्रुवारी १९१३ मध्ये पॅटरसन व त्यांचे सुमारे तीस सहकारी दोषी ठरले. पॅटरसन यांना एक वर्ष कैद आणि ५,००० डॉलर दंड सुनावण्यात आला.

पुढच्याच महिन्यात ग्रेट मायामी नदीला पूर येऊन डेटन बुडाले. कारखाना उंचावर होता. पॅटरसन यांनी उत्पादन थांबवून सुतारांना सपाट तळाच्या होड्या बनवायला लावले. अशा सुमारे तीनशे होड्या पाण्यात उतरल्या. कारखान्याच्या इमारती निवारा, स्वयंपाकघर आणि रुग्णालय बनल्या. काही आठवड्यांपूर्वी शिक्षा झालेला मनुष्य शहराचा तारणहार ठरला. त्यानंतर नागरिकांनी वीस लाख डॉलरहून अधिक निधी उभारून पूरनियंत्रणाची योजना हाती घेतली. १९१५ मध्ये अपील न्यायालयाने शिक्षा रद्द करून फेरसुनावणीचा आदेश दिला. फेरखटला चालला नाही, आणि कंपनीने सरकारशी तडजोड केली.

उत्तरकाल आणि शिष्य

१९२१ मध्ये कंपनीचे अध्यक्षपद त्यांनी पुत्र फ्रेडरिक यांच्याकडे सोपवले. पुढच्या वर्षी अटलांटिक सिटीला जाताना रेल्वेगाडीतच त्यांचा मृत्यू झाला.

त्यांनी घडवलेल्या आणि बहुधा त्यांनीच काढून टाकलेल्या माणसांमुळे त्यांची पद्धत इतर उद्योगांत पसरली. एनसीआरमध्ये विजेवर चालणारे कॅश रजिस्टर बनवणारे चार्ल्स केटरिंग व विक्रीप्रमुख रिचर्ड ग्रँट हे पुढे जनरल मोटर्समध्ये नावारूपाला आले. १९१४ मध्ये बाहेर पडलेल्या वॉटसन यांनी ज्या छोट्या कंपनीची सूत्रे घेतली, तिचे नाव १९२४ मध्ये आयबीएम झाले. नेमून दिलेले मुलूख, लक्ष्ये आणि विक्रेत्यांची शाळा हे सारे त्यांनी डेटनहून तेथे नेले.