इजिप्तवर दोन स्वाऱ्या

इ.स. ६६१. रमजानचा महिना. इजिप्तमधील फुस्तात शहरात नमाजाचे नेतृत्व करणाऱ्या इमामावर एका मारेकऱ्याने वार केला आणि त्याचा बळी गेला. मारेकऱ्याला हवे होते ते सुभेदार अम्र इब्न अल-आस. पण त्या दिवशी प्रकृती बरी नसल्याने अम्र घरीच थांबले होते. त्याच कटात, कूफा येथे, चौथे खलिफा हजरत अली यांना मात्र प्राण गमवावे लागले. अम्र यांच्यावर एवढा राग कशासाठी?

मक्केच्या कुरेश टोळीतले अम्र हे मूळचे व्यापारी आणि आरंभी इस्लामचे विरोधक. हबसाणात आश्रयाला गेलेल्या मुसलमानांना परत मागण्यासाठी कुरेशांनी त्यांनाच तिथल्या राजाकडे पाठवले होते. राजा बधला नाही. पुढे ६२९ च्या सुमारास अम्र यांनी इस्लाम स्वीकारला आणि पैगंबरांनी लवकरच त्यांच्यावर एक मोहीम सोपवली.

६३९ च्या अखेरीस सुमारे चार हजार सैनिकांनिशी ते बायझंटाइनांच्या ताब्यातील इजिप्तमध्ये शिरले. मागाहून कुमक आली. ६४१ मध्ये बाबिलोनचा किल्ला पडला, पुढच्या वर्षी अलेक्झांड्रिया हाती आले. किल्ल्याशेजारी त्यांनी फुस्तात वसवले. आज तो कैरोचाच भाग आहे. नाईल नदीला तांबड्या समुद्राशी जोडणारा जुना कालवाही पुन्हा खुला झाला आणि इजिप्तचे धान्य मदिनेला जाऊ लागले. अलेक्झांड्रियाचे ग्रंथालय त्यांनी जाळल्याची कथा मात्र कित्येक शतकांनंतरची. आजचे इतिहासकार ती मानत नाहीत.

तिसरे खलिफा उस्मान यांनी त्यांना सुभेदारीवरून दूर केले. तो सल मनात राहिला. उस्मान यांच्या हत्येनंतर अली आणि सीरियाचे मुआविया यांच्यात युद्ध पेटले, तेव्हा अम्र मुआवियांच्या बाजूला गेले. ६५७ मध्ये सिफ्फीनच्या रणांगणावर, बाजी उलटत असताना, भाल्यांच्या टोकांना कुराणाची पाने बांधून लढाई थांबवण्याची युक्ती त्यांचीच, असे परंपरा सांगते. लवाद नेमला गेला, त्यातही मुआवियांतर्फे तेच बसले. पण लवादच मान्य नसलेला एक गट अलींपासून फुटला. ६६१ चा मारेकरी याच गटाचा.

त्याआधी ६५८ मध्ये अम्र यांनी पुन्हा इजिप्त जिंकले. या वेळी समोर बायझंटाइन नव्हते. अलींचे सुभेदार होते मुहंमद इब्न अबू बक्र, पहिल्या खलिफांचे पुत्र. ते पराभूत होऊन मारले गेले. ज्या अबू बक्र यांनी एकेकाळी अम्र यांना पॅलेस्टाईनच्या मोहिमेवर धाडले, त्यांच्याच मुलाचा हा शेवट!

गेलेली सुभेदारी परत मिळाली आणि ६६४ मध्ये मृत्यू येईपर्यंत ती टिकली. कैरोत त्यांच्या नावाची मशीद आजही उभी आहे. मूळ बांधकाम उरलेले नाही. नमाज मात्र आजही होतो.