अंतोन मालातिन्स्की

अंतोन मालातिन्स्की (१५ जानेवारी, १९२० – १ ऑक्टोबर, १९९२) हे स्लोव्हाक फुटबॉलपटू आणि फुटबॉल प्रशिक्षक होते. पश्चिम स्लोव्हाकियातील त्र्नावा या शहराच्या स्पार्ताक त्र्नावा या क्लबला तत्कालीन चेकोस्लोव्हाकियाच्या अव्वल क्लबांच्या पंक्तीत नेऊन बसविणारे प्रशिक्षक म्हणून ते ओळखले जातात. खेळाडू म्हणून ते चेकोस्लोव्हाकिया आणि स्लोव्हाकिया या दोन्ही राष्ट्रीय संघांकडून खेळले. त्र्नावातील फुटबॉल मैदानाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

पार्श्वभूमी

त्र्नावा हे ब्रातिस्लाव्हाच्या ईशान्येस सुमारे ५० किलोमीटरवर वसलेले जुने शहर आहे. हंगेरीचा राजा चौथा बेला याने १२३८ साली त्याला राजनगराचा दर्जा दिला. ऑटोमन आक्रमणामुळे एस्टरगोमच्या आर्चबिशपचे पीठ १५४३ मध्ये येथे हलविण्यात आले व ते १८२० पर्यंत येथेच राहिले. चर्चच्या मोठ्या संख्येमुळे शहराला 'छोटे रोम' असे टोपणनाव पडले. आजही येथील लोकवस्ती सुमारे ६५ हजार इतकीच आहे. प्राग, ब्रातिस्लाव्हा किंवा ओस्त्रावा यांच्या तुलनेत हे शहर फारच लहान. एवढ्या लहान शहराच्या संघाने सहा हंगामांत पाच वेळा देशाचे विजेतेपद मिळवावे, ही गोष्ट चेकोस्लोव्हाक फुटबॉलच्या इतिहासात अपवादात्मक मानली जाते.

शहरातील दोन क्लबांच्या एकत्रीकरणातून ३० मे १९२३ रोजी टीएसएस त्र्नावा हा क्लब स्थापन झाला. पुढे साम्यवादी राजवटीत देशातील इतर क्लबांप्रमाणे हा क्लबही कारखान्याशी जोडला गेला आणि त्याचे नाव अनेकदा बदलले. 'स्पार्ताक' हे नाव १९५० च्या दशकात आले आणि टिकले. कोव्होस्माल्ट हा एनॅमलची भांडी बनविणारा कारखाना आणि नंतरच्या काळात त्र्नावाचा मोटारवाहन कारखाना हे क्लबचे आश्रयदाते होते. त्या काळी खेळाडू कागदोपत्री हौशीच असत. त्यांची नोकरी, पगार व राहण्याची सोय कारखान्यामार्फत होत असे. त्यामुळे कारखान्याची स्थिती आणि क्लबची स्थिती यांचा थेट संबंध होता, हे पुढील घडामोडी समजून घेताना लक्षात ठेवावे लागते.

खेळाडू म्हणून कारकीर्द

मालातिन्स्की यांचा जन्म त्र्नावातच झाला. त्यांच्या तारुण्यातच देशाचे राजकारण पूर्णपणे बदलले. मार्च १९३९ मध्ये चेकोस्लोव्हाकियाचे विघटन होऊन नाझी जर्मनीच्या छत्राखाली स्वतंत्र स्लोव्हाक राज्य अस्तित्वात आले. त्याची स्वतःची लीग आणि स्वतःचा राष्ट्रीय संघही होता. युद्धानंतर हा संघ बरखास्त झाला व मालातिन्स्की पुन्हा एकत्रित चेकोस्लोव्हाकियाच्या संघात आले. दोन देशांकडून खेळलेल्या त्या पिढीतील मोजक्या खेळाडूंमध्ये त्यांची गणना होते. तथापि त्यांचे नाव आज घेतले जाते ते मुख्यतः त्यांच्या प्रशिक्षकपदाच्या कारकिर्दीमुळे.

त्र्नावाचा उत्कर्ष

त्र्नावाच्या संघाचे प्रशिक्षकपद मालातिन्स्की यांनी प्रथम १९५० च्या दशकात सांभाळले. १९६० च्या दशकात ते पुन्हा या पदावर आले आणि याच दुसऱ्या कालखंडात संघाची खरी जडणघडण झाली. कडक शिस्त आणि शारीरिक तयारीवरील भर यांसाठी ते प्रसिद्ध होते. मोठ्या शहरांतील नामांकित खेळाडू आपल्याकडे वळविणे त्र्नावाला शक्य नव्हते. म्हणून आसपासच्या गावांतून व लहान शहरांतून तरुण मुले निवडून त्यांना वाढविणे हाच मार्ग उरत होता. लादिस्लाव कुना हे जवळच्या ह्लोहोवेत्सचे होते, व्लादिमीर हागारा पिएश्त्यानीचे, तर कारोल दोबियाश थोडे दूर असलेल्या हांडलोव्हाचे. यांपैकी कुना व दोबियाश यांचा जन्म १९४७ सालचा होता. संघाला पहिले विजेतेपद मिळाले तेव्हा दोघेही जेमतेम विशीत होते.

या तरुणांच्या जोडीला योझेफ आदामेत्स हे अनुभवी आघाडीपटू होते. त्र्नावाजवळील व्रबोवे येथे जन्मलेले आदामेत्स १९६२ च्या विश्वचषकात अंतिम फेरी गाठणाऱ्या चेकोस्लोव्हाक संघात होते. मधली काही वर्षे प्रागच्या दुक्ला व ब्रातिस्लाव्हाच्या स्लोव्हान या क्लबांकडून खेळून ते त्र्नावाला परतले. त्यांच्या येण्याने संघाच्या आक्रमणाला धार आली. जून १९६८ मध्ये ब्रातिस्लाव्हा येथे ब्राझीलविरुद्ध त्यांनी तीन गोल केले आणि चेकोस्लोव्हाकियाने तो सामना ३–२ असा जिंकला.

१९६७ साली स्पार्ताक त्र्नावाने चेकोस्लोव्हाक चषक जिंकला. त्याच वर्षी मध्य युरोपातील क्लबांसाठीच्या मित्रोपा चषकाच्या अंतिम फेरीत बुडापेस्टच्या उयपेस्ट संघाविरुद्ध परक्या मैदानावर २–३ अशी हार पत्करल्यावर घरच्या मैदानावर ३–१ असा विजय मिळवून हा चषकही त्यांनी पटकावला. पुढच्याच हंगामात, म्हणजे १९६७–६८ मध्ये, मालातिन्स्की यांच्या मार्गदर्शनाखाली संघ प्रथमच देशाचा विजेता झाला.

१९६८ आणि युरोपियन चषक

विजेतेपद मिळताच मालातिन्स्की यांनी त्र्नावा सोडले आणि व्हिएन्नातील आडमिरा एनर्गी या क्लबचे प्रशिक्षकपद स्वीकारले. प्राग वसंताच्या मोकळिकीमुळे त्या वर्षी असे जाणे तुलनेने सोपे झाले होते. मात्र २० व २१ ऑगस्ट १९६८ च्या मध्यरात्री वॉर्सा कराराच्या फौजा देशात घुसल्या आणि परिस्थिती पालटली.

या घटनेचा परिणाम फुटबॉलवरही झाला. पश्चिम युरोपातील अनेक क्लबांनी पूर्वेकडील संघांशी खेळण्यास नकार दिल्याने युरोपियन चषकाच्या पहिल्या फेरीच्या जोड्या पुन्हा ठरविण्यात आल्या. निषेध म्हणून आक्रमणात सहभागी देशांच्या क्लबांनी माघार घेतली. चेकोस्लोव्हाकिया व आक्रमणात सहभागी न झालेला रोमानिया यांचे विजेते मात्र स्पर्धेत राहिले आणि त्यांचीच पहिल्या फेरीत गाठ पडली. बुखारेस्टच्या स्टेउआ संघाकडून १–३ असा पराभव झाल्यावर त्र्नावाने घरी ४–० असा विजय मिळविला. फिनलंडच्या रेइपास लाहती संघावर दोन सामन्यांत मिळून १६–२ अशी मात केल्यावर उपान्त्यपूर्व फेरीत अथेन्सच्या एईके संघाला २–१ व १–१ असे मागे टाकून त्र्नावा उपान्त्य फेरीत पोहोचले.

उपान्त्य फेरीत त्यांची गाठ रिनुस मिखेल्स यांच्या अ‍ॅम्स्टरडॅमच्या आयाक्स संघाशी होती. १३ एप्रिल १९६९ रोजी अ‍ॅम्स्टरडॅममध्ये त्र्नावाचा ०–३ असा पराभव झाला. चार दिवसांनी, १७ एप्रिलला, पक्षाच्या प्रथम सचिव पदावरून अलेक्सांडर दुबचेक यांना दूर करून गुस्ताव हुसाक यांची नेमणूक झाली. अशा वातावरणात २४ एप्रिलला त्र्नावात दुसरा सामना झाला. कुना यांनी दोन गोल केले, परंतु बरोबरीसाठी हवा असलेला तिसरा गोल झाला नाही. आयाक्स अंतिम फेरीत गेले आणि तेथे मिलानकडून पराभूत झाले. युरोपियन चषकात स्लोव्हाक क्लबाने मारलेली ही सर्वांत मोठी मजल होय.

मालातिन्स्की यांच्या चरित्रातील विरोधाभास येथेच आहे. ज्या हंगामामुळे त्र्नावाचे नाव युरोपभर झाले, त्या हंगामात संघाचे प्रशिक्षक यान हुत्स्को होते. १९६९ चे लीग विजेतेपदही हुत्स्को यांच्याच कारकिर्दीतील आहे. लोकप्रिय लेखनात पुष्कळदा हे सारे यश सरसकट मालातिन्स्की यांच्या नावावर टाकले जाते. ते अचूक नाही. संघ त्यांनी घडविलेला होता हे खरे असले, तरी परदेशी आक्रमणानंतरच्या अस्वस्थ वर्षात तो एकसंध ठेवून उपान्त्य फेरीपर्यंत नेण्याचे श्रेय हुत्स्को यांचे आहे.

पुनरागमन

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीस मालातिन्स्की त्र्नावाला परतले. १९६८ व १९६९ नंतर संघाने १९७१, १९७२ आणि १९७३ अशी सलग तीन विजेतेपदे मिळविली. मधले १९७० चे विजेतेपद तेवढे स्लोव्हान ब्रातिस्लाव्हाकडे गेले. १९७२–७३ च्या युरोपियन चषकात मालातिन्स्की यांच्या संघाने बेल्जियमच्या आंडरलेख्टला दोन्ही सामन्यांत १–० असे हरविले. उपान्त्यपूर्व फेरीत ब्रायन क्लफ यांच्या डर्बी काउंटीविरुद्ध घरच्या मैदानावर १–० असा विजय मिळाला, परंतु इंग्लंडमधील सामन्यात ०–२ अशी हार झाल्याने आव्हान संपले. पुढील वर्षी संघ पुन्हा उपान्त्यपूर्व फेरीत पोहोचला आणि उयपेस्टकडून पेनल्टींवर बाद झाला.

या काळात राष्ट्रीय संघातही त्र्नावाचे वजन होते. १९७० च्या मेक्सिकोतील विश्वचषकासाठीच्या संघात आदामेत्स, कुना, दोबियाश व हागारा हे चौघे होते. देशातील सर्वोत्तम फुटबॉलपटूचा मान १९६९ मध्ये कुना यांना, तर १९७० व १९७१ मध्ये दोबियाश यांना मिळाला.

ऱ्हास

१९७३ नंतर त्र्नावाला चेकोस्लोव्हाकियाचे विजेतेपद पुन्हा कधीच मिळाले नाही. ही घसरण एका रात्रीत झाली नाही. १९७५ मध्ये संघाने चेकोस्लोव्हाक चषक जिंकला, १९८६ मध्येही जिंकला. परंतु लीगमधील दबदबा हळूहळू ओसरत गेला. एकाच वेळी वाढलेली पिढी एकाच वेळी थकली, हे यामागचे उघड कारण होय. आदामेत्स १९७७ पर्यंत खेळले. १९७६ च्या युरोपियन अजिंक्यपद स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीविरुद्ध गोल करणारे दोबियाश १९७७ मध्ये प्रागच्या बोहेमियन्सकडे गेले. त्यांच्या तोडीचे खेळाडू परिसरातून पुन्हा एकदम मिळणे कठीण होते. त्यातच चेकोस्लोव्हाकियात गुणी खेळाडू लष्करी सेवेच्या काळात दुक्लासारख्या सैनिकी क्लबांकडे जात, आणि लहान शहराच्या संघाला ही उणीव अधिक जाणवे. ज्या पद्धतीने संघ घडला, तिच्यातच त्याच्या यशाची कालमर्यादाही दडलेली होती, असे म्हणता येईल.

निधन व स्मृती

मालातिन्स्की यांचे १ ऑक्टोबर १९९२ रोजी निधन झाले. त्यानंतर तीन महिन्यांनी, १ जानेवारी १९९३ रोजी, चेकोस्लोव्हाकियाचे विभाजन झाले आणि स्लोव्हाकियाची स्वतंत्र लीग सुरू झाली. या लीगमध्ये स्पार्ताक त्र्नावाने १९९७ व १९९८ साली दुसरे स्थान मिळविले. पुढील लीग विजेतेपदासाठी मात्र क्लबला १९७३ पासून ४५ वर्षे, म्हणजे २०१८ पर्यंत, थांबावे लागले.

त्र्नावाच्या मध्ययुगीन तटबंदीला लागून असलेले क्लबचे मैदान 'अंतोन मालातिन्स्की स्टेडियम' या नावाने ओळखले जाते. २०१३ ते २०१५ या काळात त्याची मोठ्या प्रमाणावर पुनर्बांधणी झाली. सुमारे १९ हजार प्रेक्षकांची सोय असलेल्या या मैदानावर क्लबच्या सामन्यांखेरीज स्लोव्हाकियाच्या राष्ट्रीय संघाचे सामनेही खेळविले जातात.