निळ्या सावलीवरचा रंग

युवक महोत्सवाचे दिवस. ग्रीनरूममध्ये आरशासमोर एक पोरगा बसलाय. एकांकिकेत त्याला आईची भूमिका करायचीय. सकाळी घाईघाईत दोनदा उलटा रेझर फिरवला, त्यामुळे गळ्यावर लाल पुरळ उठलंय आणि चेहऱ्याची नुसती आग होतेय. त्यावर फाउंडेशनचे तीन थर दिलेत. तरी ओठांच्या वर आणि हनुवटीवर ती निळसर-करडी सावली दिसतेच. पोरगा स्टेजवर येतो. पहिला संवाद म्हणायच्या आधीच मागच्या रांगेतून शिट्टी येते आणि अख्खं सभागृह हसतं. प्रसंग रडायचा असतो बावा, आणि पब्लिक हसत असते!

या पोराची जी अडचण आहे, तीच शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्या मोठमोठ्या नाटक कंपन्यांची होती. घरंदाज बाईने रंगमंचावर येणं तेव्हा समाजाला मान्य नव्हतं. त्यामुळे शकुंतला असो, सुभद्रा असो की रुक्मिणी, लुगडं नेसून उभा राहायचा तो पुरुषच. अशा नटांना 'स्त्रीपार्टी' म्हणत. आपल्याकडे झाडीपट्टीतल्या दंडारीतही पुरुषच बाई व्हायचे. पण या सगळ्यांत एक जण असा होऊन गेला की त्याला बघून हसणं तर सोडाच, बायका त्याच्यासारखं दिसायचा प्रयत्न करू लागल्या. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व.

नारायणाचा गंधर्व झाला

नारायणाचा जन्म २६ जून १८८८ चा. घरची परिस्थिती बेताची, पण गळा देवाघरचा. दहा-अकरा वर्षांचा असताना पुण्यात त्याचं गाणं लोकमान्य टिळकांनी ऐकलं आणि या पोराला बालगंधर्व म्हटलं. ते नाव त्याला जन्मभर चिकटलं. पुढे कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्याच्यावर माया केली. त्याला नीट ऐकू येत नव्हतं, तर उपचारांसाठी मिरजेला पाठवलं.

त्या वेळी किर्लोस्कर नाटक मंडळी अडचणीत होती. कंपनीचा लाडका नट भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये गेला होता. सुरुवातीच्या काळात शकुंतला करणारे भाऊराव पुढे पुरुष भूमिकांकडे वळले होते. स्त्रीपार्टी नटाचं आयुष्य असंच असायचं. आवाज फुटला, खांदे रुंदावले, दाढी दाट झाली की लुगडं उतरवायची वेळ यायची. बहुतेकांचा बहर चार-पाच वर्षांचा.

१९०५ मध्ये मिरजेला नारायण शकुंतला म्हणून उभा राहिला. वय सतरा, म्हणजे आज तुम्ही बारावीत किंवा फर्स्ट इयरला असता तेवढं. या वयात पोरांना मिशी फुटल्याचं कौतुक असतं. त्या काळी तर मिशी म्हणजे मर्दानगीचा झेंडा. बाप गेला तरच ती उतरवायची, असा अनेक घरांत रिवाज. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेला बाई मिळाली नाही. शेवटी साळुंके नावाच्या, हॉटेलात काम करणाऱ्या तरुणाने ती केली. पडद्यावर बाई व्हायचं, म्हणजे आधी वस्तऱ्याखाली मान द्यायची. नारायणाने ती सतराव्या वर्षी दिली आणि पुढची पन्नास वर्षं देत राहिला.

रंगपटातली लढाई

आता जरा त्या काळच्या रंगपटात डोकावू. रंगपट म्हणजे आपली ग्रीनरूम. पत्र्याच्या पेट्या, आरसे, दिवे आणि रंगाच्या वाट्या. सफेदा, पिवडी, हिंगूळ, काजळ, मुरदाडशिंग ही नावं आज तुम्ही ऐकलीही नसतील. ही सगळी त्या वेळची मेकअप किट. यातलं मुरदाडशिंग म्हणजे शिशाचं संयुग आणि हिंगुळात पारा. आज कुणी असं तोंडाला लावलं तर त्वचारोगतज्ज्ञ हात जोडतील.

आणि हे सगळं लावायचं कशावर? नुकत्याच वस्तरा फिरवलेल्या चामडीवर. दाढी केल्यावर त्वचेचा वरचा पातळ थर खरवडला जातो, बारीक चिरा पडतात. त्यावर रंग बसला की झोंबतो. केस उलट्या दिशेने कापला तर तो कातडीच्या आत दबतो, आतच वळतो आणि पुटकुळी येते. दुसऱ्या दिवशी त्याच पुटकुळीवर पुन्हा वस्तरा. कंपनीचा मुक्काम एका गावी महिना-दीड महिना, आठवड्यात तीन-चार खेळ. चेहऱ्याला सुट्टी कुठली? उपाय घरगुतीच. गार पाणी, तुरटीचा खडा, आणि रंग उतरवायला खोबरेल तेल.

त्यात दाढीची सावली ही वेगळीच डोकेदुखी. वस्तरा कितीही गुळगुळीत फिरवा, कातडीच्या आत केसाचा काळा खुंट उरतोच. वरच्या अर्धपारदर्शक त्वचेतून तो निळसर दिसतो. त्यावर नुसता पांढरा सफेदा फासला तर निळा जात नाही, उलट चेहरा राखेसारखा होतो. निळ्याला मारायला त्याच्या विरुद्धचा रंग लागतो, म्हणजे नारिंगी. आधी पिवळ्या-लालसर रंगाचा हात, मग त्यावर गव्हाळ-गोरा लेप. आज ब्युटी ब्लॉगर ज्याला कलर करेक्टर म्हणतात, त्यामागचं गणित हेच.

शिवाय संगीत नाटक म्हणजे दोन तासांचा मामला नव्हे. रात्री नऊ-दहाला नांदी, आणि वन्समोअर घेत घेत भरतवाक्याला पहाट. घामाने रंग उतरतोय, पहाटेपर्यंत खुंट वर येताहेत, आणि नायिका लाजते आहे! इंग्लंडातही हाच घोळ होता. सतराव्या शतकात तिथेही बायकांच्या भूमिका पुरुष करत. राजा दुसरा चार्ल्स नाटकाला येऊन बसला तरी पडदा वर जाईना, कारण राणीची दाढी व्हायची होती, असा किस्सा तिकडे सांगतात. बालगंधर्वांच्या रुक्मिणीबद्दल असा विनोद करायची कुणाची छाती नव्हती.

भामिनीचा दिवस

कारण एकटा रंग पुरत नाही. तो फक्त सावली झाकतो. बाकीचं काम मानेने, हाताने, पदराने आणि नजरेने करायचं असतं. बालगंधर्वांची बाई म्हणजे नक्कल नव्हती. ते चालायचे, थबकायचे, मान वळवायचे ते इतकं सहज की आपण पुरुष बघतोय हे प्रेक्षक विसरायचे. जोडीला भास्करबुवा बखल्यांच्या तालमीत घडलेलं गाणं.

१२ मार्च १९११. मुंबईत खाडिलकरांच्या 'मानापमान'चा पहिला प्रयोग. बालगंधर्व भामिनी. त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी गेली. प्रयोग रद्द होईल असं सगळ्यांना वाटलं. झाला नाही. तेवीस वर्षांचाही नसलेला तो बाप आरशासमोर बसला, रंग लावला आणि हसऱ्या, मानी, श्रीमंत घरच्या मुलीची भूमिका करायला उभा राहिला. हे बरोबर होतं की चूक, यावर आजही वाद घालता येईल. कलेसाठी एवढं करायलाच हवं का, हा प्रश्न तुम्हाला पडला तर तो रास्त आहे. पण दाढीची सावली झाकणं ही त्या रात्री त्यांच्यासाठी सगळ्यात सोपी गोष्ट होती, एवढं खरं.

महाराष्ट्राची फॅशन आयकॉन

१९१३ मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासोबत त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१६ मध्ये 'स्वयंवर'मधली रुक्मिणी आली. मग काय विचारता! रुक्मिणी नऊवारी कशी नेसते, अंबाड्यात फूल कुठे खोवते, पदर कसा घेते, हे बघायला बायका नाटकाला यायच्या आणि घरी जाऊन तसंच करायच्या. साबण, टॉयलेट पावडर अशा वस्तूंवर त्यांचं चित्र झळकलं. विचार करा, रोज दाढी करणाऱ्या माणसाचा चेहरा बायकांच्या पावडरीवर!

पुढच्या भूमिकेचा धागा आपल्या नागपूरपर्यंत येतो. राम गणेश गडकरी 'एकच प्याला' लिहून सावनेरला आले. नागपूरहून एसटीने तास-दीड तासाचं गाव. तिथेच २३ जानेवारी १९१९ ला ते गेले. महिनाभरात, २० फेब्रुवारीला, बडोद्यात नाटक उभं राहिलं. गडकऱ्यांनी आपली सिंधू रंगमंचावर पाहिलीच नाही. शालू नि दागिन्यांत मिरवणारे बालगंधर्व या नाटकात फाटकं लुगडं नेसून जात्यावर बसले. झाकायला ना दागिना, ना झगमगाट. तरी सिंधूच्या दुःखावर लोक ढसाढसा रडले. आपल्या एकांकिकेतल्या पोराला नेमकं हेच हवंय.

८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झाला. केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. वरचं तिकीट शंभर रुपये, तेही त्या काळी! पण पैसा टिकवणं त्यांना कधी जमलं नाही. खरे भरजरी शालू, खरे दागिने, प्रेक्षागृहात अत्तराचा घमघमाट, तबल्याला थिरकवाँसाहेब. कर्ज लाखाच्या वर गेलं. ते त्यांनी वर्षानुवर्षं राबून फेडलं.

उजेड बदलला

मग बोलपट आला. १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा'त दुर्गाबाई खोटे तारामती झाल्या. १९३३ मध्ये 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात ज्योत्स्ना भोळे आणि पद्माबाई वर्तक रंगमंचावर आल्या. खऱ्या बाया, खरे चेहरे. त्यांना काही झाकायचं नव्हतं. चूक कुणाचीच नव्हती. ज्या बायकांना इतकी वर्षं दार बंद होतं ते उघडलं, हे चांगलंच झालं. पण त्या दारातून आलेल्या उजेडात एका मोठ्या कलावंताचा रंग विटला.

१९३५ मध्ये 'प्रभात'च्या 'धर्मात्मा'त ते संत एकनाथ झाले. चेहऱ्यावर लपवण्यासारखं काही नाही, तरी त्यात त्यांचा जीव रमला नाही. १९३७ च्या 'साध्वी मीराबाई'त पुन्हा बाई झाले, तेव्हा वय एकोणपन्नास. रंगमंच आणि प्रेक्षक यांच्यात पंधरा-वीस फुटांचं अंतर असतं. ते अंतर आणि प्रेक्षकाची इच्छा मिळून अर्धा मेकअप करतात. कॅमेरा मात्र नाकाशी येऊन उभा राहतो. तो वय बघतो, जबडा बघतो. त्याच सुमारास गोहरबाई कर्नाटकी कंपनीत आल्या. त्या नायिका होऊ लागल्या. लोकांना ते पटलं नाही, नावं ठेवली गेली. बालगंधर्वांनी साथ सोडली नाही.

साठी उलटल्यावरही ते सिंधूचं लुगडं नेसून उभे राहत होते. शरीर सुटलेलं, पाय साथ देईनात. तरुण प्रेक्षक हळूच हसायचे, आणि जुने प्रेक्षक डोळे मिटून नुसतं गाणं ऐकायचे. पुढे पायांतली ताकदच गेली. १९६४ मध्ये पद्मभूषण मिळालं, त्याच वर्षी गोहरबाई गेल्या. १५ जुलै १९६७ ला पुण्यात बालगंधर्वांनी डोळे मिटले. वर्षभराने, २६ जून १९६८ ला, त्यांच्या नावाचं रंगमंदिर पुण्यात उघडलं. तिथे चित्रकार गोपाळ देऊसकरांनी काढलेली त्यांची दोन मोठी चित्रं आहेत. एकात ते पुरुषवेशात, दुसऱ्यात स्त्रीवेशात. पुण्याला गेलात तर दोन्हींसमोर थोडं थांबा.

२०११ मध्ये रवी जाधवांच्या 'बालगंधर्व' चित्रपटात सुबोध भावेंनी ही भूमिका केली आणि मेकअपसाठी विक्रम गायकवाडांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे शंभर वर्षांनीही पुरुषाच्या चेहऱ्यावर बाई उभी करणं हे पुरस्कार मिळण्याइतकं अवघड काम आहे. तेव्हा पहिल्याच एकांकिकेत जमलं नाही म्हणून खचू नका.

रंग लावण्याआधी

• प्रयोगाच्या दोन-तीन तास आधी दाढी करा. आधी कोमट पाण्याने केस मऊ करा. ब्लेड नवं, हात हलका, आणि केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने. रेझर कुणाशी शेअर करू नका.

• नंतर गार पाणी. टॉवेलने घासू नका, टिपा. तुरटी फिरवायची तर ओली करून एकदाच, आणि लगेच धुवा, कारण ती त्वचा कोरडी करते. आग होत असेल तर अल्कोहोलवालं आफ्टरशेव्ह नको. वास नसलेलं साधं मॉइश्चरायझर पुरे.

• फक्त सावली असेल तिथेच नारिंगी करेक्टरचा पातळ थर बोटाने थोपटा. सावळ्या रंगाला जरा गडद नारिंगी लागतो. वर फाउंडेशन, शेवटी पावडर. जाड थर देऊ नका, आपल्या उन्हात तो अर्ध्या तासात ओघळतो.

• कितीही दमलात तरी रंग उतरवल्याशिवाय झोपू नका. पुटकुळ्यांवर रेझर फिरवू नका. पू झाला किंवा पुरळ जातच नसेल तर डॉक्टरांना दाखवा.

• आणि एवढं झालं की आरशासमोरून उठा आणि तालमीला लागा. मान कशी वळवायची, पदर कसा सावरायचा, ते आईकडे बघून शिका. शिट्टी त्यानेच थांबते.