अंगणात उतरलेली शाळा

घरी दिवसभर बडबडणारं मूल अंगणवाडीत पाऊल टाकताच गप्प होतं. बाई नाव विचारतात, ते मान खाली घालतं. नव्या जागी पहिला महिना अनेक मुलं बुजतात. त्यानंतरही हे मौन टिकलं तर तो हट्ट समजू नये. ‘सिलेक्टिव्ह म्युटिझम’ नावाचा हा भीतीचा आजार असू शकतो. त्यावरच्या उपचारात खेळाला मोठं स्थान आहे. मुलाला खेळातून ओळखावं, हे महाराष्ट्रात रुजवण्यासाठी ताराबाई मोडक यांनी आयुष्य वेचलं.

ताराबाईंचा जन्म १८९२ मध्ये मुंबईत, प्रार्थना समाजाच्या वातावरणातल्या घरात झाला. १९१४ मध्ये त्या बी.ए. झाल्या. लग्नानंतर अमरावतीला गेल्या, पण संसार टिकला नाही. राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या त्या प्राचार्य झाल्या. ती मानाची नोकरी सोडून त्यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात काम सुरू केलं. माँटेसोरी विचारांवर चालणाऱ्या त्या बालमंदिरात माराला आणि धाकाला जागा नव्हती. १९२६ मध्ये दोघांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केलं.

खरी कसोटी १९४५ मध्ये बोर्डीला लागली. अनुताई वाघ सोबत होत्या. बालवाडी उघडली, पण गरीब वस्तीतली मुलं तिकडे फिरकेनात. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. शिंपले, बिया, पानं, खडे हीच खेळणी झाली. ओळखीच्या जागी, आईच्या नजरेसमोर मुलं हळूहळू खुलली. अंगणवाडी हा शब्द तिथलाच. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं, १९७३ मध्ये त्यांचं निधन झालं. दोनच वर्षांनी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळालं.

गप्प मुलाचा उपचारही याच वाटेने जातो. आधी आई आणि मूल ओळखीच्या जागी खेळतात. मग सेविका शेजारी येऊन बसते, प्रश्न विचारत नाही. मूल काय करतंय ते नुसतं हळू आवाजात सांगत राहते. त्यातून मान हलते, बाहुलीच्या कानात कुजबुज होते, कधीतरी एक शब्द येतो. त्या शब्दाचा गाजावाजा करायचा नाही. बोल म्हणून दटावणं किंवा चारचौघांत उभं करणं यामुळे भीती वाढते.

बीड जिल्ह्यातली अनेक मुलं दरवर्षी आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात. जागा बदलली, की बुजरं मूल आणखी मिटतं. चकलांब्यासारख्या गावात असं मूल परतलं आणि महिना उलटूनही बोललं नाही, तर आधी त्याचे कान तपासून घ्यावेत आणि जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. तोवर चार खडे आणि चिंचोके घेऊन त्याच्याजवळ बसायला हरकत नाही.