मदनाच्या पुतळ्याने साकारलेला ठकसेन

जून २००५मध्ये ट्वेन्टिएथ सेंच्युरी फॉक्सने ‘नाइटमेअर अ‍ॅली’ या आपल्या १९४७ सालच्या कृष्णधवल चित्रपटाची डीव्हीडी बाजारात आणली आणि जुन्या चित्रपटांच्या चाहत्यांची दीर्घ प्रतीक्षा संपली. हक्कांच्या वादात अडकल्यामुळे व्हिडिओ कॅसेटच्या जमान्यात हा चित्रपट घरोघरी पोहोचू शकला नव्हता. ठकसेनांच्या चित्रकथांमध्ये आज तो अभिजात गणला जातो. तो निघावा म्हणून ज्याने हट्ट धरला, त्या टायरोन पॉवरला जाऊन मात्र तेव्हा ४६ वर्षे उलटली होती.

५ मे १९१४ रोजी ओहायो राज्यातील सिनसिनाटी येथे जन्मलेल्या टायरोनच्या घरात अभिनय पिढीजात होता. त्याच नावाचे त्याचे पणजोबा आयरिश रंगभूमीवरचे गाजलेले नट. अमेरिकेचा दौरा आटोपून परतताना १८४१मध्ये त्यांचे जहाज अटलांटिक महासागरात बेपत्ता झाले. वडीलही नामवंत नट होते. डिसेंबर १९३१मध्ये एका चित्रपटाचे काम सुरू असतानाच त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्यांनी मुलाच्या मिठीत प्राण सोडला. टायरोन तेव्हा अवघा १७ वर्षांचा होता. वारशात मिळालेले नाव मोठे असले तरी त्याच्या बळावर हॉलिवूडची दारे उघडली नाहीत. किरकोळ भूमिका करून निराश झालेल्या टायरोनने न्यूयॉर्कची वाट धरली आणि श्रेष्ठ अभिनेत्री कॅथरिन कॉर्नेल यांच्या नाटक मंडळीत उमेदवारी केली. रंगभूमीचे हे संस्कार त्याला अखेरपर्यंत पुरले.

१९३६मध्ये फॉक्सने त्याला करारबद्ध केले. त्याच वर्षीच्या ‘लॉइड्स ऑफ लंडन’ने तो एका रात्रीत तारा झाला. दाट काळ्या भुवया, बोलके डोळे आणि समोरच्याला निःशस्त्र करणारे हास्य ही स्टुडिओच्या दृष्टीने हुकमी नाणी होती. स्टुडिओप्रमुख डॅरिल झॅनक यांनी ती मनसोक्त वटवली. ‘जेसी जेम्स’, ‘द मार्क ऑफ झोरो’, ‘ब्लड अँड सँड’, ‘द ब्लॅक स्वान’ अशी यशाची माळच लागली. १९३९च्या ‘द रेन्स केम’मध्ये तर तो रांचीपूर या काल्पनिक हिंदी संस्थानातला डॉक्टर मेजर सफ्ती झाला. त्यातील भूकंप व महापुराच्या दृश्यांना विशेष दृश्यपरिणामांसाठीचे पहिले ऑस्कर लाभले. पण तलवार फिरवणारा देखणा नायक या चौकटीबाहेर त्याला फारसे कोणी पाहू इच्छित नव्हते.

त्यातच दुसरे महायुद्ध आले. १९४२मध्ये पॉवर नौदलाच्या मरीन दलात भरती झाला, वैमानिक झाला आणि १९४५मध्ये इवो जिमा व ओकिनावा येथील रणभूमीवर त्याने मालवाहू विमाने नेली. युद्धावरून परतलेल्या या तिशीतल्या नटाला रेशमी पोशाखातल्या साहसकथा अपुऱ्या वाटू लागल्या, यात नवल नाही. ‘द रेझर्स एज’ (१९४६) या सॉमरसेट मॉम यांच्या कादंबरीवरील चित्रपटात त्याने युद्धानंतर मनःशांतीच्या शोधात भारतापर्यंत भटकणारा तरुण रंगवला. त्यापुढचे त्याचे पाऊल अधिक धाडसाचे होते.

विल्यम लिंडसे ग्रेशम यांची ‘नाइटमेअर अ‍ॅली’ ही कादंबरी १९४६मध्ये प्रसिद्ध झाली होती. फिरत्या जत्रेत खेळ करणाऱ्या स्टॅन कार्लाइल या तरुणाची ती कहाणी. जत्रेतल्या एका जोडप्याला मनकवडेपणाच्या खेळाची सांकेतिक भाषा अवगत असते. प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला, यातच डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या जोडीदारासाठी उत्तर दडलेले असते. ही विद्या मिळवून स्टॅन शिकागोच्या उच्चभ्रू क्लबांपर्यंत मजल मारतो. पुढे लिलिथ या मानसशास्त्रज्ञ स्त्रीशी संगनमत करून, तिच्या रुग्णांच्या गुपितांच्या आधारे तो परलोकाशी संवाद साधण्याचे सोंग आणतो. धनाढ्य म्हाताऱ्याला त्याच्या मृत प्रेयसीचे दर्शन घडवण्याचा डाव ऐनवेळी फसतो आणि लुबाडणाराच लिलिथकडून लुबाडला जातो. जत्रेत दारूच्या बाटलीसाठी जिवंत कोंबडीचे मुंडके दातांनी तोडणारा एक अभागी जीव असतो. माणूस इतका खाली कसा घसरतो, हा प्रश्न स्टॅनला सुरुवातीला पडतो. त्याचे उत्तर अखेरीस त्याला स्वतःच्याच रूपाने मिळते.

अशा काळ्याकुट्ट कथेत आपला लाडका तारा झोकून देण्यास झॅनक नाखूश होते. पॉवरने आग्रह सोडला नाही. एडमंड गोल्डिंग यांनी दिग्दर्शन केले, ली गार्म्स यांनी छायाचित्रण केले. पॉवरने या भूमिकेसाठी आपले प्रसिद्ध हास्य बदलले नाही. ज्या हास्यावर प्रेक्षक दहा वर्षे भाळत आले होते, तेच त्याने स्टॅनच्या फसवणुकीचे हत्यार केले. जत्रा बंद करायला आलेल्या पोलीस अधिकाऱ्याला तो ज्या मृदू स्वरात गुंगवतो, ते पाहताना प्रेक्षकालाही आपण कशावर भाळत होतो, याची जाणीव होते.

स्टुडिओने शेवटाला आशेचा किरण जोडला, पण जाहिरातीत हात आखडता घेतला. ऑक्टोबर १९४७मध्ये झळकलेला हा चित्रपट तिकीट खिडकीवर कोसळला. दोनच महिन्यांनी ‘कॅप्टन फ्रॉम कॅस्टाइल’मधून पॉवर पुन्हा ऐतिहासिक साहसाच्या वेशात पडद्यावर अवतरला.

अभिनयाची भूक त्याने मग रंगभूमीवर भागवली. १९५०मध्ये लंडनला ‘मिस्टर रॉबर्ट्स’, पुढे चार्ल्स लॉटन यांच्या दिग्दर्शनाखाली ‘जॉन ब्राउन्स बॉडी’ अशी कामे त्याने केली. बिली वाइल्डर यांच्या ‘विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन’मध्ये (१९५७) तो खुनाचा आरोपी झाला आणि लोभस चेहऱ्यावर कितपत विश्वास ठेवावा, हा प्रश्न पुन्हा एकदा प्रेक्षकांपुढे आला. त्याने पूर्ण केलेला हा शेवटचा चित्रपट.

१५ नोव्हेंबर १९५८ रोजी माद्रिद येथे ‘सॉलोमन अँड शीबा’साठी जॉर्ज सँडर्ससोबत तलवारयुद्धाचे चित्रीकरण सुरू असताना त्याला हृदयविकाराचा झटका आला. वडिलांप्रमाणेच काम करता करता तो गेला. वय होते ४४. ज्या तलवारीपासून त्याला सुटका हवी होती, ती अखेरच्या दिवशीही हातात होती. त्याचा मुलगा पुढच्या जानेवारीत जन्मला.

‘नाइटमेअर अ‍ॅली’ची २००५ची डीव्हीडी पाहून नव्या पिढीने या नटाची फेरतपासणी केली. २०२१मध्ये क्रायटेरियनने चित्रपटाची ब्लू-रे आवृत्ती काढली आणि त्याच वर्षी गिलेर्मो डेल टोरो यांनी ब्रॅडली कूपरला घेऊन ही कादंबरी पुन्हा पडद्यावर आणली. या नव्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर नामांकने मिळाली. पॉवरच्या वाट्याला हयातीत ऑस्करचे एकही नामांकन आले नव्हते. मात्र तो केवळ देखणा होता, असे म्हणणाऱ्याला दाखवण्यासाठी ही एक तबकडी आता उपलब्ध आहे.