संत ऑगस्टीन आणि आत्मरक्षणातील हत्येचा प्रश्न

संत ऑगस्टीन साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहे तो प्रामुख्याने ‘कन्फेशन्स’ या आत्मनिवेदनाचा कर्ता म्हणून. स्वतःचा जीव वाचविण्यासाठी ख्रिस्ती माणसाने हल्लेखोराचा जीव घ्यावा काय, या प्रश्नाचे त्याचे उत्तर मात्र त्या ग्रंथात शोधून उपयोग नाही. ते त्याच्या एका संवादात, पत्रांत आणि त्याच्या बिशपपदाच्या चौतीस-पस्तीस वर्षांत विखुरलेले आहे.

13 नोव्हेंबर 354 रोजी उत्तर आफ्रिकेतील थागास्ते (आजच्या अल्जीरियातील सूक अहरास) येथे त्याचा जन्म झाला. कार्थेज येथील शिक्षण, मानी पंथातील सुमारे नऊ वर्षे, मिलानमधील अँब्रोजचा प्रभाव आणि 387 च्या ईस्टरला घेतलेला बाप्तिस्मा हा भाग सुपरिचितच आहे. पुढे रोममधील मुक्कामात त्याने इच्छास्वातंत्र्यावरील संवाद लिहावयास घेतला. एव्होडियस या मित्राबरोबरच्या या संवादात वाटमाऱ्याचा प्रश्न येतो. वाटसरूने प्राण घेऊ पाहणाऱ्या दरोडेखोरास ठार केले, तर रोमन कायदा त्यास दोषी धरीत नव्हता. कायद्याची ही मुभा ऑगस्टीनला मान्य आहे. परंतु ती घेणारा मनुष्य ईश्वरी न्यायापुढे निर्दोष ठरतो काय, याविषयी संवादाचा कल नकाराकडे आहे. शरीराचे आयुष्य इच्छेविरुद्धही हिरावले जाऊ शकते. अशा नश्वर वस्तूसाठी रक्त सांडणे म्हणजे तिच्या आसक्तीचे दास होणे, असा येथील युक्तिवाद आहे. दोष कृतीच्या बाह्यरूपापेक्षा आसक्तीत पाहण्याची ही दृष्टी त्याच्या पुढील सर्व नीतिविचाराची किल्ली ठरते.

391 मध्ये हिप्पो येथे तो धर्मगुरू झाला व 395-396 च्या सुमारास बिशप. 398 च्या आसपास पब्लिकोला नावाच्या जमीनदाराने त्यास शंकांची लांबलचक यादी पाठविली. तीत हल्लेखोरास ठार करण्याचा प्रश्न होता. ऑगस्टीनने स्वसंरक्षणार्थ हत्येस संमती नाकारली. अपवाद केला तो सैनिकाचा व अधिकाऱ्याचा. त्यांनी विहित अधिकाराने आणि इतरांच्या रक्षणासाठी शस्त्र उचलावे. दुष्टाचा प्रतिकार करू नये हा डोंगरावरील प्रवचनातील आदेश सूडाच्या सुखापासून माणसास दूर ठेवण्यासाठी आहे; इतरांना वळण लावण्याचे कर्तव्य त्यामुळे सुटत नाही, असेही त्याने बजावले. (तेराव्या शतकात टॉमस अॅक्विनासने आत्मरक्षणास अनुकूल निर्णय देताना हे पत्र व तो संवाद हेच आपल्या विवेचनाच्या आरंभी आक्षेप म्हणून मांडले आणि कर्त्याच्या हेतूचा भेद करून त्यांतून वाट काढली.)

पत्रातील तत्त्वाची कसोटी लवकरच लागली. डोनाटसपंथीयांचे सोटेधारी जथे, ज्यांना सर्कमसेलियन म्हणत, ऑगस्टीनच्या पक्षाच्या धर्मगुरूंवर हल्ले करीत. डोळ्यांत चुना व शिर्का घालण्यापर्यंत त्यांची मजल जाई. खुद्द ऑगस्टीनसाठी एकदा ते दबा धरून बसले होते, पण वाटाड्याचा रस्ता चुकला आणि तो बचावला. 411 मध्ये कार्थेज येथे शाही अधिकारी मार्सेलिनस याच्या अध्यक्षतेखाली उभय पक्षांची परिषद होऊन निर्णय डोनाटसपंथीयांविरुद्ध गेला. त्या सुमारास रेस्टिट्यूटस या धर्मगुरूची हत्या झाली. इनोसेंशियस या दुसऱ्या धर्मगुरूचा डोळा फोडून बोट तोडण्यात आले. आरोपींनी गुन्हे कबूल केले. तेव्हा ऑगस्टीनने मार्सेलिनसला आणि त्याचा भाऊ, प्रांताधिपती अॅप्रिंजियस याला पत्रे लिहून विनविले, की गुन्हेगारांना देहदंड देऊ नये, अवयवास अवयव असा बदलाही घेऊ नये. त्यांना एखाद्या उपयुक्त कामास जुंपावे. देहदंडाचा राज्यसत्तेचा अधिकार त्याने कधी अमान्य केला नव्हता, हे ध्यानी घेतल्यास या विनवणीचे मोल कळते.

तथापि हे चित्र निर्मळ नाही. पाखंड्यांस केवळ युक्तिवादाने जिंकावे हे आपले आधीचे मत त्याने 408 च्या सुमारास उघडपणे सोडले आणि डोनाटसपंथीयांवरील दंड व जप्तीच्या राजाज्ञांचे समर्थन केले. स्वतःसाठी नाकारलेले बळ शासनाच्या हाती इतक्या विश्वासाने सोपविणे ही त्याच्या विचारातील सर्वांत दुबळी जागा होय. ज्याला त्याने दयेची विनवणी केली, तो मार्सेलिनसच 413 मध्ये बंडातील सहभागाच्या आरोपावरून त्याच शासनाकडून मारला गेला. ऑगस्टीनची रदबदली व्यर्थ ठरली.

429 मध्ये व्हँडल टोळ्या आफ्रिकेत उतरल्या. बिशपांनी पळावे काय, असे विचारले गेले तेव्हा, जोवर लोक मागे आहेत तोवर त्यांची सेवा करणाऱ्यांनी त्यांस सोडू नये, असे त्याने कळविले. 430 मध्ये हिप्पोस वेढा पडला. तटाचे रक्षण सेनापती बोनिफेस करीत होता. सैनिकाने युद्ध करावे ते शांततेसाठी आणि निरुपायानेच, असे पत्र ऑगस्टीनने पूर्वी त्यालाच लिहिले होते. वेढ्याच्या तिसऱ्या महिन्यात ऑगस्टीनला ताप भरला. पश्चात्तापाची स्तोत्रे लिहून त्याने ती अंथरुणासमोरच्या भिंतीवर लावून घेतली, आणि 28 ऑगस्ट 430 रोजी, वेढा उठण्यापूर्वीच, त्याचा अंत झाला.