गंगेची कावड आणणारे विष्णुभट गोडसे

मावळातील देवस्थानांच्या दर्शनास येणारे भाविक आज बोरघाट अल्पावधीत चढून येतात. या घाटातून रेल्वे सुरू झाली ती १८६३ साली. त्याच्या सहा वर्षे आधी घाटाखालील पेणजवळच्या वरसई गावचे एक भिक्षुक थेट उत्तर हिंदुस्थानच्या वाटेला लागले. ते वे. शा. सं. विष्णुभट गोडसे होत.

त्यांचा जन्म १८२७ सालचा. घराणे वैदिक, पण कर्जाने गांजलेले. बायजाबाई शिंदे मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार असल्याचे वर्तमान आले, तेव्हा दक्षिणा मिळून ऋण फिटेल व तीर्थयात्राही घडेल, या विचाराने त्यांनी काका रामभट यांच्यासह जाण्याचे योजिले. अनोळखी मुलूख, सातपुड्याची अरण्ये, चोरांचे भय! मातापित्यांची संमती मिळवूनच १८५७ मध्ये उभयतांनी पुण्यामार्गे प्रस्थान ठेवले.

महूच्या वाटेवर शिपायांच्या उठावाची वार्ता कानी आली, तरी ते माघारी फिरले नाहीत. १८५८ साली इंग्रजांनी झाशीला वेढा घातला, तेव्हा ते शहरातच होते. तेथे व पुढेही ते लुटले गेले. द्रव्यार्जनाचा बेत असा विस्कटला. यात्रा मात्र त्यांनी सोडली नाही. चित्रकूट, अयोध्या, काशी ही क्षेत्रे त्यांनी केली. हा सारा वृत्तान्त त्यांच्या ‘माझा प्रवास’ या १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आहे.

परतताना त्यांच्या खांद्यावर गंगाजलाची कावड होती. शेकडो कोस वाहून आणलेल्या त्या जलाने त्यांनी वरसईस मातापित्यांना स्नान घातले.